चित्र गेलं की आधी आकडा बघा

आज टीव्हीबद्दल बोलायचं आहे. मालिकांबद्दल नाही. टीव्हीवर चित्र येतं कुठून, जातं का, आणि गेल्यावर आपण घरच्या घरी काय बघू शकतो, याबद्दल.

बचत गटाच्या कार्यक्रमात हा विषय कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. तो गटाच्या बैठकीतूनच आला. आम्ही समन्वयक गटागटांत घरखर्चाच्या वह्या भरून घेतो. किराणा, दवाखाना, शाळा, पाहुणे असे रकाने असतात आणि शेवटचा रकाना 'इतर'. या 'इतर'मध्ये काय दडलंय म्हणून एकदा खोदून विचारलं, तर पुष्कळ घरांत एकच उत्तर निघालं: टीव्हीवाला. छत्री फिरवून दिली, दोनशे. वायर बदलली, तीनशे. एका मावशींनी तीनशे रुपये मोजले आणि आलेल्या माणसाने काय केलं, तर रिमोटचं एक बटण दाबलं. मावशींची ती एका दिवसाची खुरपणीची मजुरी होती.

आणि टीव्ही बंद पडला की नुसती करमणूक जाते असं नाही. हवामानाचा अंदाज जातो, शेतीचे कार्यक्रम जातात. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. ज्या घरात चांगला मोबाइल नव्हता, त्या घरातल्या लेकरांची शाळा तीच. त्या दिवसांत छत्री हलली की पाठ बुडाला, आणि टाळेबंदीत दुरुस्तीला येणार तरी कोण? म्हणून हे आपल्याला कळलेलं बरं.

आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना जुनी अँटेना आठवत असेल. उंच पाइपावर ॲल्युमिनियमच्या आडव्या कांड्या. 'रामायण' लागायची वेळ झाली की एकजण पत्र्यावर, एकजण दारात, आणि "आलं, आलं... गेलं!" असा ओरडा. ती अँटेना जमिनीवरच्या मनोऱ्याकडे तोंड करून असायची. दूरदर्शनने ती जुन्या पद्धतीची छोटी केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली. २०२२ पर्यंत बहुतेक सगळी गेली. त्यामुळे घरावर अजून ती कांड्यांची अँटेना असेल, तर तिच्यावर दोडक्याचा वेल चढवायला हरकत नाही. तिला बॉक्स जोडून गावात चित्र येईल असं कोणी सांगत असेल, तर पैसे देऊ नका.

आता चित्र येतं ते आभाळातून. दूरदर्शनची मोफत सेवा, जिला आज आपण फ्री डिश म्हणतो, ती डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिचा उपग्रह इस्रोचा आहे, नाव जीसॅट १५. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो सोडला. विषुववृत्ताच्या वर जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर तो आहे आणि पृथ्वी जेवढ्या वेळात स्वतःभोवती फिरते तेवढ्याच वेळात तो एक फेरी मारतो. म्हणून आपल्याला तो आभाळात एकाच जागी थांबलेला असतो. छत्री एकदा त्याच्याकडे नीट वळवली की पुन्हा हलवायची गरज नाही. हे लक्षात ठेवा. छत्री आपणहून बिघडत नाही. काहीतरी हलतं, भिजतं, कुरतडलं जातं किंवा आड येतं.

लहरी छत्रीवर आपटून पुढच्या दांडीवरच्या डबीत गोळा होतात. त्या डबीला एलएनबी म्हणतात. तिथून गोल वायरने त्या बॉक्समध्ये येतात आणि बॉक्स त्यांचं चित्र करून टीव्हीला देतो. छत्री, डबी, वायर, बॉक्स, टीव्ही. एवढीच साखळी आहे. चित्र गेलं म्हणजे यातली एक कडी सुटली. कुठली, ते शोधायचं.

शोध घरात बसूनच सुरू करायचा, छतावर नाही. टीव्हीवर 'नो सिग्नल' असं आलं की आपण लगेच वर बघतो. पण 'नो सिग्नल' दोन प्रकारचं असतं. एक टीव्ही सांगतो, एक बॉक्स सांगतो. कोण सांगतंय हे ओळखायला बॉक्सच्या रिमोटचं मेनू बटण दाबा. पडद्यावर बॉक्सची यादी दिसली, तर बॉक्स ते टीव्ही हा रस्ता ठीक आहे आणि दोष वायरीत किंवा वर छतावर आहे. यादी दिसलीच नाही, तर छत्रीला हातसुद्धा लावू नका. आधी बॉक्सचा दिवा लागलाय का बघा. लागला असेल, तर टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट असं बटण असतं, ते दाबून एव्ही किंवा एचडीएमआय, जिथे बॉक्सची वायर खोचली आहे ते निवडा. मोबाइल किंवा पेन ड्राइव्ह टीव्हीला लावून झाला की मुलं ते तसंच ठेवतात. मावशींचे तीनशे रुपये गेले ते याच बटणावर.

लाल, पांढरी, पिवळी अशा तीन पिनांची वायर असेल तर ज्या रंगाची पिन त्याच रंगाच्या भोकात. पिवळी चित्राची, बाकी दोन आवाजाच्या. चित्र आहे आणि आवाज नाही, तर लाल-पांढरी ढिली आहे का बघायचं. दिवा लागून विझत असेल, बॉक्स सारखा बंद-चालू होत असेल, तर बहुतेक वेळा त्याचा छोटा ॲडॉप्टर गेलेला असतो. अख्खा बॉक्स बदलण्याआधी तेवढाच बदलून बघावा. शेजारणीचा त्याच व्होल्टचा ॲडॉप्टर पाच मिनिटं लावून पाहिला तरी कळतं.

आता मुख्य गोष्ट. बॉक्सच्या यादीत इन्स्टॉलेशन किंवा चॅनेल सर्च या ठिकाणी गेलं की दोन पट्ट्या दिसतात. एक स्ट्रेंग्थ, एक क्वालिटी. बहुतेक बॉक्समध्ये पुढे आकडाही असतो. तिथे एलएनबीचा प्रकारही दिसतो. तो युनिव्हर्सल, म्हणजे ९७५० आणि १०६०० असा असायला हवा. एवढं बघायचं आणि तिथलं बाकी काही बदलायचं नाही.

स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी यांत फरक काय? आठवडी बाजारात गेलात की कानावर आवाज भरपूर येतो. ती स्ट्रेंग्थ. पण त्या गोंगाटात आपल्या जाऊबाई काय म्हणतायत ते शब्द कळले, तर ती क्वालिटी. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य, असं दिसलं तर वायर आणि डबी जिवंत आहेत, पण छत्री भलतीकडे बघते आहे किंवा तिच्या वाटेत काहीतरी आलंय. दोन्ही शून्य असतील, तर वायर तुटली, टोकाचा जोड निघाला किंवा डबी गेली. एवढं वाचता आलं की निम्मं काम झालं.

पूर्वी मनोऱ्यावरून येणारं चित्र कमजोर झालं की मुंग्या यायच्या. चित्र खराब होत होत जायचं, त्यामुळे आधीच कळायचं. आताच्या डिजिटल चित्राचं तसं नाही. क्वालिटी ऐंशी असो की पन्नास, चित्र तसंच स्वच्छ दिसतं. मग एका मर्यादेखाली गेलं की चौकोन चौकोन दिसतात, आवाज तुटतो, चित्र गोठतं आणि पडदा काळा. म्हणजे आज चित्र छान आहे याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नाही. कदाचित ते काठावर उभं असेल आणि पहिल्या वळवाला जाईल.

म्हणून आमचं सांगणं असं. ज्या दिवशी आभाळ स्वच्छ आहे, चित्र उत्तम आहे, त्या दिवशी हे दोन्ही आकडे बघा आणि बॉक्सच्या खालच्या बाजूला कागद चिकटवून तारखेसकट लिहून ठेवा. प्रत्येक बॉक्सचे आकडे वेगळे असतात, तेव्हा जावेच्या घरी नव्वद आणि आपल्याकडे सत्तर म्हणून मन छोटं करू नका. आपल्या आकड्याची तुलना आपल्याच जुन्या आकड्याशी करायची. गटाच्या वहीत मागची शिल्लक लिहिलेली असते म्हणून या महिन्यात किती कमी आलं ते कळतं. इथेही तसंच.

आकडे घसरलेले दिसले तर आधी वायर बघायची. पण त्याआधी बॉक्सचा प्लग काढायचा, कारण याच वायरीतून बॉक्स वरच्या डबीला वीज पाठवत असतो. वायरीच्या मध्ये एक जाड तार असते, तिच्याभोवती पांढरा फेस, त्यावर चंदेरी कागद आणि बारीक तारांची जाळी. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी चित्र जातं. म्हणून टोकाचा पितळी किंवा चंदेरी जोड, ज्याला कनेक्टर म्हणतात, तो नीट बसलेला हवा. विजेच्या वायरीसारखं पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणं इथे चालत नाही. तुटली तर मध्ये कनेक्टरचा जोड लावावा, किंवा सरळ अख्खी वायर बदलावी. मधली तार हिरवट-काळी पडली असेल तर आत पाणी गेलंय. तेवढं टोक कापून नवा कनेक्टर लावायचा.

पाणी जाऊ नये म्हणून डबीपासून खाली येणाऱ्या वायरीला थोडा झोळ ठेवा. पावसाचं पाणी वायरीवरून वाहत झोळाच्या तळाशी येतं आणि तिथून टपकतं. झोळ नसेल तर ते सरळ जोडात किंवा भिंतीच्या भोकातून घरात येतं. उंदरांचं तर आम्ही काय सांगावं? धान्याच्या कोठीमागून गेलेली वायर ते सोडत नाहीत. ती उंचावरून, उघड्यावरून न्यावी.

आता छत्री. महाराष्ट्रातून फ्री डिशचा उपग्रह आग्नेय दिशेला आहे. आग्नेय म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधला कोपरा, आपल्याकडे चूल मांडायचा कोपरा म्हणतात तो. कोकणात छत्री जराशी पूर्वेकडे झुकेल, विदर्भात जराशी दक्षिणेकडे. उंचीने बघाल तर जमिनीपासून साधारण ६० अंशांवर, म्हणजे क्षितिज आणि डोक्यावरचं आभाळ यांच्या मध्याच्याही बरंच वर. पण छत्रीचं तोंड तेवढं वर दिसत नाही, आणि इथे गोंधळ होतो. या छत्र्यांची घडणच अशी असते की ती समोर बघते असं वाटतं, पण घेते मात्र त्याहून वरचं. डबी खालच्या बाजूने पुढे आलेली असते ती त्यामुळेच. तेव्हा छत्री खाली झुकलीय असं वाटून तिला वर ढकलू नका. शेजारच्या घरावरची छत्री बघून आपली फिरवायची असेल, तर ती फ्री डिशचीच आहे ना हे आधी विचारा. खासगी कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी असतात, त्यांची नक्कल केली तर आपलं होतं तेही जाईल.

वाटेत झाड येतंय का हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर स्वच्छ ऊन पडत असेल तर वाट मोकळी. झाडाची सावली पडत असेल तर तेच झाड लहरीही अडवतंय. लिंब आणि शेवगा वर्षभरात किती वाढतो हे आपल्याला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी ठीक असलेली छत्री आज आंधळी होते ती अशी. त्याच दिवसांत त्याच वेळेला काही मिनिटं चित्र जातं, कारण सूर्याच्या गोंगाटात उपग्रहाचा आवाज बुडतो. आठवडाभर रोज साधारण त्याच वेळी चित्र जाऊन आपोआप येत असेल, तर कोणालाही बोलावू नका.

वाट फक्त झाडच अडवतं असं नाही. छत्रीच्या दांडीवर ओली साडी टाकणं, पुढ्यात कुरडयांच्या वाळवणाची खाट उभी करणं, डबीवर गांधीलमाशीचं पोळं, हे सगळं आम्ही पाहिलं आहे. माकडं छत्रीला लोंबकळतात त्या गावांत तर तिला भिंतीच्या आडोशाला, पण आग्नेय मोकळी ठेवून बसवावी.

छत्रीची कड बोटभर सरकली तरी चित्र जाऊ शकतं. म्हणून चित्र चांगलं असताना एक काम करा. नेलपॉलिश घ्या आणि खांबावर आणि त्यावरच्या पकडीवर मिळून एक आडवी आणि एक उभी रेघ ओढा. वरखाली करायच्या बोल्टाजवळ एक आणि डबी तिच्या खोबणीत जिथे बसली आहे तिथे एक. डबी जराशी तिरकीच बसवलेली असते, ती सरळ करायला जाऊ नका. उद्या वाऱ्याने छत्री फिरली तर रेघा जुळवल्या की झालं. खांब हलत असेल तर मात्र रेघांचा उपयोग नाही, आधी खांब पक्का करावा आणि तो ओळंब्यात आहे ना बघावं.

रेघा नसतील आणि छत्री नव्याने फिरवावी लागली, तर 'आलं-गेलं'ची जुनी पद्धत चालते, पण घाई चालत नाही. बॉक्सला चित्र जुळवायला काही सेकंद लागतात. छत्री जराशी सरकवायची, मनात पाच आकडे मोजायचे, खालून क्वालिटीचा आकडा ऐकायचा, मग पुन्हा सरकवायची. भराभर फिरवणारा माणूस उपग्रहाला ओलांडून जातो आणि त्याला कळतही नाही. आकडा वाढत वाढत कमी व्हायला लागला की मागे या, आणि बोल्ट आवळतानाही आकडा विचारत राहा, कारण आवळताना छत्री हमखास हलते.

छतावर कोण चढणार, हा प्रश्न आहेच. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो सांगून फुटत नाही. विजेच्या तारा जवळून गेल्या असतील तर तिथे लोखंडी पाइप उभाच करू नये. शक्य असेल तर छत्री जमिनीवरून हाताला येईल अशा जागी, अंगणात पक्क्या खांबावर बसवून घ्या. ती उंच असली तर चित्र चांगलं येतं हा समज अँटेनाच्या काळातला आहे. ३६,००० किलोमीटर लांबच्या उपग्रहाला आपल्या दहा फुटांचं काय? आग्नेय मोकळी असली की पुरे.

जोराच्या पावसात चित्र जातं ते छत्रीच्या दोषाने नाही. मोठे थेंब या लहरी शोषून घेतात. आपल्या अंगणात थेंब नसला तरी आग्नेयेला दोन-तीन किलोमीटरवर मुसळधार असेल तर तेवढ्यानेही जातं. पाऊस ओसरला की येतं. भुरभुर पावसातच जात असेल तर मात्र आपला आकडा मुळात काठावर आहे. छत्री नीट जुळवूनही तो वाढत नसेल तर मोठी छत्री लागते. ६० सेंटिमीटरच्या जागी ९० सेंटिमीटरची घेतली तर पसारा सव्वादोन पट होतो. विजा चमकत असतील तेव्हा बॉक्सचा आणि टीव्हीचा प्लग काढा, आणि छत्रीची वायरही बॉक्सपासून सोडवा. पण ती कडकडाट सुरू झाल्यावर नाही, आभाळ भरून आल्यावरच. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप मोबाइलवर असेल तर विजेची सूचना आधी मिळते.

कधी कधी बाकी सगळं चालू असतं, एखादीच वाहिनी गायब होते. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने ठराविक मुदतीसाठी दिल्या जातात, त्यामुळे विशेषतः एप्रिलच्या सुमारास यादी बदलते. अशा वेळी मेनूत जाऊन ऑटो स्कॅन करायचं आणि शेवटी सेव्ह. स्कॅन करूनही शेजारी दिसणारी वाहिनी आपल्याकडे नसेल, तर आपला बॉक्स जुना, एमपीईजी २ चा असेल. काही वाहिन्या एमपीईजी ४ मध्ये येतात आणि जुना बॉक्स त्या दाखवूच शकत नाही. नवा घेताना हा चार आकडा विचारून घ्या.

आणि पैशाचं. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, वर्षाचं रिचार्ज नाही. छत्री आणि बॉक्स एकदा विकत घ्यायचे. 'फ्री डिश चालू ठेवायचं वार्षिक शुल्क' मागणारा फोन आला तर तो फसवणुकीचा आहे. खासगी कंपनीचं घेणं चूक असं आम्ही म्हणत नाही. पण महिन्याला २५० रुपये धरले तर वर्षाला ३,००० होतात, आणि आपल्या गटाची बचत महिन्याला १०० रुपये असेल तर ती वर्षाला १,२००. हे दोन आकडे घरात एकदा शेजारी शेजारी ठेवून बोला.

इतकं करूनही माणूस बोलवावा लागलाच, तर फोनवरच त्याला सांगा की मेनू दिसतो, स्ट्रेंग्थ इतकी, क्वालिटी इतकी. म्हणजे तो योग्य सामान घेऊन एकाच फेरीत येईल. काम झाल्यावर त्याला नुसतं चित्र दाखवू देऊ नका. क्वालिटीची पट्टी उघडायला सांगा, आकडा जुन्या कागदाशी ताडून पाहा आणि नवा आकडा तारखेसकट त्याच्यासमोर लिहा. वायर बदलली असेल तर जुनी वायर मागून घ्या. ती कुठे तुटली होती ते बघायला मिळतं, आणि अंगणात कपडे वाळत घालायलाही चांगली असते.